डाग कुठला ते विचारायचं नाही

सोमवार, ३

पोरीला कॉलेजात बक्षीस मिळालेली डायरी तिने माझ्या उशाशी आणून टाकली. "आई, तू दिवसभर पुटपुटत असतेस. त्यापेक्षा लिही." पुटपुटते म्हणे. घरात ऐकून घेणारं कुणी असतं तर कशाला पुटपुटले असते?

तर लिहिते. अंगावरून जातंय. पांढरं म्हणावं तर पांढरं नाही. पिवळट, जरा हिरव्याकडे झुकणारं, आणि वास येतो. खाज तर अशी की चारचौघांत उभं राहवत नाही. रंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, मी दिवसभर तेच बघते.

मी एका मोठ्या लॉन्ड्रीत निवडखात्यात आहे. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी गाठोड्यांनी येतात. आम्ही चौघी त्या उलगडतो, डाग शोधतो आणि कोपऱ्याला दोरा बांधतो. रक्ताला लाल, शाईला निळा, माणसाच्या अंगातून आलेल्या बाकी कशालाही पिवळा. दोरा बघून धुणारा ठरवतो काय घालायचं. आमची मुकादम म्हणजे मावशी. नवीन बाई आली की पहिल्याच दिवशी तिला बजावते, "डाग कुठला ते विचारायचं नाही, कशाने निघेल तेवढं बघायचं. लोकांच्या चादरीत नाक खुपसलं की माणसांवरचा विश्वास उडतो."

आता ही डायरी कपड्यांच्या कप्प्यात तळाशी. पोरीने हे पान वाचलं तर दिलेलं बक्षीस परत मागेल.

बुधवार, ५

मावशीच्या कानावर घातलं. तिने मान वर न करता विचारलं, "कोणता दोरा?" मी म्हटलं पिवळा. तिला त्यात नवल वाटलं नाही. म्हणाली, नवी पावडर आल्यापासून निम्म्या खात्याला होतंय. अंगावरच्या कपड्यांत पावडर राहते, दुसरं काय.

आमच्या खात्यात यावर एक ठरलेला उपाय आहे. चादरी शेवटच्या पाण्यातून काढताना त्यात आंबट घालतात, त्याने कापडात उरलेला साबण मरतो. ते आंबट पाणी थोडं घमेल्यात घ्यायचं, मागच्या मोरीत जायचं आणि त्याने आतून धुवायचं. सगळ्या करतात. जे चादरीला चालतं ते आपल्याला का चालू नये, असं मावशी म्हणते. मीही केलं. डोळ्यांतून पाणी आलं पण वास गेला. चला, सुटले.

रविवार, ९

सुटले कसली. दुप्पट झालं.

आज घरी असल्यामुळे एक मजा दिसली. हे मोरीत बसून स्वतःचे आतले कपडे धूत होते! लग्नाला वीस वर्षं होतील. या माणसाने कधी प्यायलेला पेला उचलून ठेवला नाही. लिफ्ट बसवायच्या कामावर सात-आठ महिने परगावी होते, महिन्यापूर्वी आले. आल्यापासून स्वतःचं धुतात. मी म्हटलं, "अहो, द्या इकडे, माझा तो धंदाच आहे." तर बादली ओढून घेतली. "तू दिवसभर लोकांचं धुतेस, निदान नवऱ्याचं तरी नको."

सूर्य पश्चिमेला उगवला. परगावी राहून माणूस शिकला म्हणायचं. खात्यात सांगायला हवं, जळून खाक होतील सगळ्या.

ह्यांनाही उष्णता झालीय. लघवीला गेले की दात आवळून उभे राहतात, मग तांब्याने पाणी पितात. म्हणजे मला पिवळं, ह्यांना जळजळ. मला तर वाटतं आमच्या इमारतीची पाण्याची टाकीच साफ करायला झालीय. उद्या खाली रखवालदाराला सांगते.

मंगळवार, ११

टाकी मागच्याच महिन्यात धुतली म्हणे. रखवालदाराने मला दुर्मुखल्या तोंडाने पावती दाखवली, जणू मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला.

ओटीपोटात दुखतंय. पाळीचं दुखणं वेगळं, हे वेगळं. गाठोडं उचललं की कळ येते. आज दोनदा चुकीचा दोरा बांधला. मावशी काही बोलली नाही, फक्त सोडवून पुन्हा बांधला. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, १३

आज मी रडले, आणि चांगल्या कारणाने रडले. कधी नव्हे ते.

संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. नखं बघत म्हणाले, "तुला काही त्रास होतोय का? म्हणजे... खाली?"

माझ्या हातातला डाव खाली पडला. दोन बाळंतपणं झाली, एक मूल पोटातच गेलं, तेव्हा या माणसाने विचारलं नाही. मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाले, चालण्यावरून. माझ्या चालण्याकडे ह्यांचं लक्ष आहे! मग खिशातून एक प्लास्टिकची डबी काढली. आत हिरव्या कॅप्सूल. "शक्तीच्या आहेत. साइटवरच्या मुकादमाने दिल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक घे, जेवल्यावर." त्याचं पाकीट कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, फाटलं, फेकलं. "तुम्हाला नकोत का? तुम्हालाही उष्णता आहे." तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय. तू घे."

आल्या आल्या आठ दिवस मला नवी नवरी केली होती. नंतर मात्र जवळ आले नाहीत. मी मनात म्हणत होते, झालं, विटला माणूस. तर तसं नव्हतं. मी बरी नाही हे ओळखून लांब राहत होते. मी उगाच वाईट घेत होते मनात.

रविवार, १६

बरं वाटतंय. वास कमी, कळही कमी. आंबट पाणी सोडलं नाही, दोन्ही चालू आहे. डबी संपली. ह्यांना म्हटलं, अजून मागवा, गुण आला. "बघतो" म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. पेपर कालचा होता.

मंगळवार, १८

पुन्हा तेच. वर कणकण.

पोरीने अंघोळीला माझा टॉवेल घेतला आणि मी अशी किंचाळले की शेजारीण गॅलरीत आली. पोरगी बावरली. मग दार लावून समोर बसली. "आई, तुला काय झालंय ते सांग."

काय सांगायचं? पोटच्या पोरीला? मी भिंतीकडे बघत सांगितलं, की पावडर, टाकी, उष्णता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "आम्हाला कॉलेजात डॉक्टरांनी येऊन सांगितलंय. थोडं जाणं सगळ्यांनाच असतं. पण रंग बदलला, वास आला, पोट दुखलं की तपासून घ्यायचं. घरी काही करायचं नाही. आणि टॉवेलने हे सहसा पसरत नाही, ओरडू नकोस."

कॉलेजात हे शिकवतात! आमच्या वेळी फुलाचे भाग शिकवले, तेही घाईघाईने.

म्हटलं जाईन. "उद्या?" उद्या नाही, हजेरी बुडते. "मग परवा. मी बरोबर येते." नको बाई, मी एकटी जाईन. एवढी तरी झाकली मूठ राहू दे.

गुरुवार, २०

जाऊन आले. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या असतील, डोळ्यांखाली काळं. माझ्याआधी किती जणी तपासल्या होत्या कोण जाणे. मी टेबलावर आडवी होऊन छताकडे बघत होते आणि लाजेऐवजी मनात येत होतं, ही चादर आमच्याकडेच येते, कोपऱ्यावर आमचा शिक्का आहे.

तपासताना त्यांनी विचारलं, आतून कशाने धुता का? मी आंबट पाण्याचं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं. "कोणी सांगितलं हे?" मी म्हटलं, आमचं सगळं खातं करतं. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मलाच त्यांची दया आली. म्हणाल्या, "आत धुवायची गरजच नसते. अशाने उलट आत जखम होते, आजार वर चढतो. आधी ते बंद."

मग विचारलं, काही औषध घेतलंत? पर्समध्ये रिकामी डबी होती. खाली एक कॅप्सूल चिकटून राहिली होती, ती दाखवली. शक्तीच्या आहेत म्हटलं. त्यांनी ती दिव्याखाली धरली, तिच्यावरची अक्षरं वाचली, आणि खुर्चीत बसल्या.

"ह्या शक्तीच्या नाहीत. हे संसर्गावरचं औषध आहे. कोणी दिलं?"

"आमच्या ह्यांनी."

"त्यांना काही त्रास आहे? लघवीला जळजळ? कपड्यांना डाग?"

मी जळजळीला हो म्हटलं, आणि डाग म्हणायला तोंड उघडलं तर मला ती बादली दिसली. ओढून घेतलेली बादली.

बाई हळू आवाजात बोलत राहिल्या. अंगावरून जाण्याची कारणं पुष्कळ असतात, काही अगदी साधी. म्हणून नमुना तपासायला पाठवते. पण तुमचं एकूण बघता हा शरीरसंबंधातून येणारा संसर्ग वाटतो. बरा होतो. मात्र दोघांनी एकाच वेळी पूर्ण औषध घ्यायला हवं, अर्धवट घेतलं की तात्पुरतं दबतं आणि पुन्हा येतं. तोवर एकत्र यायचं नाही. त्यांनी औषध न घेता तुम्ही एकटीनेच घेतलंत, तर तुम्ही बऱ्या व्हाल आणि त्यांच्याकडून पुन्हा घ्याल.

मग त्यांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "विचारावं लागतं म्हणून विचारते. तुमचं दुसऱ्या कुणाशी...?"

"बाई," मी म्हटलं, "मला हा एकच आवरत नाही."

त्या हसल्या. मीही हसले. आणि मग मला हसू थांबवता येईना, त्यांनी पाणी दिलं.

शुक्रवार, २१

कामावर गेले. चादरी उलगडल्या.

शनिवार, २२

रिपोर्ट आला. बाईंचं खरं निघालं. औषध चालू केलं. पोरीला सांगितलं की माझा पलंग काही दिवस तुझ्या खोलीत. तिने का म्हणून विचारलं नाही. उशी आणून ठेवली. हिला किती कळलंय हे मला कळू नये, एवढीच इच्छा आहे.

आजार रेड्याला आणि औषध पखालीला. माझं टाकीला, पावडरीला, उष्णतेला औषध चाललं होतं.

रविवार, २३

पोरगी मैत्रिणीकडे गेली. मी त्याच्यासमोर रिकामी डबी ठेवली. मावशीचा नियम मी आजवर मोडला नव्हता. आज मोडला. विचारलं, "डाग कुठला?"

आधी म्हणाला, कसला डाग. मग म्हणाला, सार्वजनिक संडास. मग म्हणाला, तुमच्या लॉन्ड्रीतूनच आणलं असशील, कुठकुठल्या चादरी हाताळतेस. हे मात्र माझ्या वर्मी लागलं. चोर तो चोर, वर शिरजोर. मी रिपोर्ट टेबलावर आपटला आणि म्हटलं, "माझ्या हाताला नाही झालंय."

मग रडला. मला वाटलं होतं तो रडला की माझं काहीतरी हलेल. काही हललं नाही. पाठ दुखत होती, पाय वर घेऊन बसले.

साइटशेजारच्या खानावळीतली बाई. डबा आणून द्यायची. एकटी आहे. एवढ्या महिन्यांचं एकटेपण, वगैरे. मी काय इथे बँड लावून बसले होते? तिथे असतानाच त्याला त्रास सुरू झाला, दुकानातून गोळ्या आणल्या, काही घेतल्या, कमी झालं. घरी आला तेव्हा बरा झालोय असंच वाटलं म्हणे. परत सुरू झालं तेव्हा घाबरला.

"मग उरलेल्या स्वतः का नाही घेतल्या?"

"तुझं चालणं बघवेना," तो म्हणाला. "म्हटलं, मला काय व्हायचं ते होवो. तुला दिल्या."

आणि मी, मूर्ख बाई, इथे जरा विरघळले. सांगायला लाज वाटते. एवढी फसवणूक करूनही, स्वतःच्या तोंडचं औषध काढून मला दिलं. असं मला कधी कुणी काही दिलेलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दिला, पण वर फुंकर घातली.

म्हटलं, उद्या दवाखाना. नाही म्हणाला. ओळखीचं कुणी भेटलं तर? मी म्हटलं, भेटलं तर भेटलं, तेही काही लिफ्ट दुरुस्त करायला आलेले नसतील.

बुधवार, २६

गेला एकदाचा. मीच घेऊन गेले. बाकावर माझ्या शेजारी तोंडाला रुमाल लावून बसला होता. औषध मिळालं. रोज माझ्यासमोर घेतो. गिळलं की तोंड उघडून दाखव, असंही म्हणणार होते, पण तेवढं अंगात त्राण नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं, "तिसरी व्यक्ती असेल तर तिलाही कळवा." तो मान हलवत राहिला. त्याची ती मान मी ओळखते. ही न कळवणारी मान.

गुरुवार, २७

खात्यात मागच्या मोरीतलं घमेलं मी ओतून टाकलं. मावशी चिडली. "मोठी डॉक्टर लागून गेलीस!" मी तिला मोरीतच उभं करून सगळं सांगितलं. पावडरीचं नाव घेतलं नाही, माझंच सांगितलं. मावशीने नळ घट्ट बंद केला. म्हणाली, "मला तर सहा वर्षं आहे गं." मी तिला दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. उद्या ती हजेरी बुडवणार आहे. तिच्या जन्मात पहिल्यांदा.

मग डोक्यात ती खानावळीतली बाई येत राहिली. येऊ नये म्हणून दहा चादरी जास्त उलगडल्या. तरी आली.

रविवार, ३०

संध्याकाळी त्याला म्हटलं, "फोन लाव तिला. माझ्यासमोर."

"आता कशाला? संपलं ते सगळं."

"तुझं संपलं असेल. तिचं जात असेल अजून."

नंबर "वायरमन" नावाने ठेवला होता. लावला. तिकडून "हॅलो" आलं आणि याची वाचा बसली. मी फोन काढून घेतला.

मागे भांड्यांचा आवाज येत होता. आवाज दमलेला, माझ्यासारखाच. मला वाटलं होतं आवाज तरी नखरेल असेल. "हॅलो? बोला की," ती म्हणत होती. "इतक्या दिवसांनी?"

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला अंगावरून जातंय का? पिवळट?"

भांडी वाजायची थांबली. मग अगदी बारीक आवाजात, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पोट दुखतं?"

"दुखतं. इथली भांड्यांची पावडर वाईट आहे हो. सगळ्या बायकांना होतं."

मी डोळे मिटले. मग सगळं सांगितलं. पावडर नाही, उष्णता नाही. आतून कशानेही धुवायचं नाही. दवाखान्यात जायचं, तपासून घ्यायचं, औषध पूर्ण घ्यायचं, अर्धवट सोडायचं नाही. पुन्हा म्हणून दाखवायला लावलं. तिने शाळेतल्या मुलीसारखं म्हणून दाखवलं.

"पण मी घेतल्या होत्या गोळ्या," ती म्हणाली. "ते जाताना देऊन गेले होते. म्हणाले, तुझं चालणं बघवत नाही. शक्तीच्या होत्या, हिरव्या. स्वतःच्या मला दिल्या त्यांनी."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी काय ऐकतेय ते ओळखायचा प्रयत्न करत.

"त्या शक्तीच्या नव्हत्या," मी तिला म्हटलं.

मग ती म्हणाली, "तुम्ही कोण बोलताय?"

"दवाखान्यातून," मी म्हटलं, आणि फोन त्याच्या हातात दिला.